एक जूनला जन्मलेला आरोपी

माझ्यासारखा कमनशिबी चोर अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. मी खोलीत शिरलो नाही, चोरलेली वस्तू खोलीबाहेर आली नाही, मधले खिडकीचे गज जागच्या जागी राहिले, आणि तरी मला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. बरं, कुणी कट केला होता म्हणावं तर तसंही नाही. पोलिसांनी बोट लावलं नाही, साक्षीदार खोटं बोलले नाहीत, मॅजिस्ट्रेटसाहेब तर देवमाणूस. सगळी करणी माझी एकट्याची. शिव्या द्यायला दुसरं कुणी सापडेना, म्हणून आजवर मी त्या स्वतःलाच देत आलो.

आमचं गाव पोखर्णीच्या रस्त्यावरून आत. ग्रामपंचायतीच्या कचेरीत गावासाठी म्हणून सरकारनं दिलेला एक रेडिओ होता. संध्याकाळी ग्रामसेवक बाजारभाव आणि बातम्या लावायचे. पुढच्या ओट्यावर गावातली मंडळी बसायची आणि आमची बौद्ध वस्ती मागच्या खिडकीशी, लिंबाखाली. असा काही हुकूम नव्हता. बसत आलो होतो, म्हणून बसत होतो. बातम्या संपल्या की ग्रामसेवक रेडिओ बंद करायचे, कुलूप घालायचे आणि सायकलवर टांग मारायचे. गाण्यांची वेळ नेमकी त्यानंतरची.

इथं माझे हात कामाला यायचे. माझे हात प्रमाणाबाहेर लांब आहेत. नीट उभा राहिलो की बोटं गुडघ्याला टेकतात. सदरा शिवायला टाकला की शिंपी म्हणायचा, बाह्यांचं कापड वेगळं आण. माय म्हणायची, "तुहं माप घेणारा झोपंत होता." तर रेडिओचं टेबल मागच्या खिडकीपासून बरंच आत होतं. वस्तीतल्या कुणाचाच हात पुरायचा नाही, माझा पुरायचा. ग्रामसेवकांची सायकल वळणाआड गेली की मी गजांतून खांद्यापर्यंत हात घालायचो, चाचपडत खटका फिरवायचो, आणि गाणं सुरू व्हायचं. बायका म्हणायच्या, "आला गं बाई हातवाला!" मला वाटायचं, आपल्यावाचून या वस्तीचं पान हलत नाही.

त्या वेळी मी स्वतःला मोठा बाप्या समजत होतो. दाखल्यावर वय बावीस. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला घासत सुटलो होतो आणि मास्तरकीच्या कोर्सला अर्ज टाकला होता. वडील वारले होते, घरात थोरला मी. ओठावर जे काही उगवलं होतं त्याला रोज एरंडेल चोळायचो आणि त्याला मिशी म्हणायचो. बाकीचे काय म्हणायचे ते मी मनावर घेत नसे.

मग सत्त्याहत्तर सालचा चौदा एप्रिल आला. आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठा दिवस. रेडिओवर जयंतीची गाणी लागणार होती, म्हणून सगळी वस्ती खिडकीशी जमलेली, माय सगळ्यात पुढं. मी खटका फिरवला, तर नुसती खरखर. सुई इकडं केली, तिकडं केली, खरखर काही जाईना. माय म्हणाली, "नीट ऐकू येईना रे." बास. मायनं सांगितलं आणि तेही चारचौघांत. मी रेडिओची मूठ धरली, ओढत ओढत टेबलाच्या कडेपर्यंत आणली आणि पेटी उचलून गजांना टेकवून धरली. आवाज मोकळा झाला. एक गाणं सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. माय डोळे मिटून ऐकत होती. मी गजांत हात अडकवून असा उभा, जसं काही ते गाणं मीच म्हणतोय.

दुसऱ्या गाण्याला हाताला रग लागली. बदलायचा तर दुसरा हात गजांतून जाईना, तिथं माझंच अंग आडवं. मी दात खाल्ले. तेवढ्यात मुंगी चावली म्हणा किंवा माझी लायकी संपली म्हणा, रेडिओ धाडकन आत फरशीवर पडला आणि गाणारा मधेच गप झाला.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी फिर्याद दिली. गावची वस्तू फुटली होती, त्यांनी तरी काय करावं? शिपाई मला न्यायला आला. माझे हात बघून म्हणाला, "कायद्याचे हात लांब असतेत म्हणतेत, पर तुह्यापुढं काय लागतेत!" इथपर्यंत ठीक होतं. मग त्यानं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, "आजून मिसरूड नीट फुटलं न्हाई, अन् चोऱ्या करायलाय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोर म्हणाला त्याचं काही नाही, मिसरूड म्हणाला! मी तसाच मागं फिरलो, पत्र्याच्या पेटीतून शाळेचा दाखला काढला आणि खिशात घातला. म्हटलं, बघून घेतो एकेकाला.

कोर्टात मी वकील दिला नाही. खरं बोलणाराला वकील कशाला? पोखर्णीच्या यात्रेत तंबूतले सिनेमे बघितले होते, आणि त्यांत खरं बोलणारा माणूस छाती काढून उभा राहिला की शेवटी सगळे माना खाली घालतात, हे मला पाठ होतं.

साहेबांनी विचारलं, "रेडिओ जागेवरून हलवलास का?"

"हलवला."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच न्हाई."

"गुन्हा कबूल आहे?"

"खरं ते कबूल."

वस्तू वाईट हेतूनं जागची हलवली तरी कायद्यात चोरी होते, बाहेर न्यायची गरज नसते, आणि तो हेतू होता की नव्हता हेच तर भांडायचं असतं, हे मला पुढं कळलं. तेव्हा मी 'कबूल' म्हणून मोकळा झालो होतो.

साहेबांनी चष्मा वर केला. "वय काय रे तुझं? लहान दिसतोस."

आता बघा, तो माणूस मला दार उघडून देत होता. 'लहान आहे साहेब' एवढं म्हणालो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मागं तो शिपाई उभा होता. मी खिशातून दाखला काढला, दोन्ही हातांनी उलगडून पुढं केला आणि म्हणालो, "बावीस. येत्या एक जूनला बावीस पुरे." साहेबांनी दाखला वाचला, मान हलवली, आणि पुन्हा एकदा विचारलं, "शिक्षेबद्दल तुला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "मर्द हाय साहेब. द्याल ती भोगीन."

त्यांनी टाक खाली ठेवला. "नीट विचार करून सांग."

"एकदा बोललो ते बोललो."

सहा महिने सक्तमजुरी. कुणीही मान खाली घातली नाही. बाहेरच्या ओसरीवर माय उभी होती, तिनं ऐकलं आणि होती तिथंच खाली बसली. ते बघितल्यावर मी त्या शिपायाला हळूच म्हणालो, "मला लघवीला जायचंय." तुरुंगातल्या पहिल्या भाकरीलाच मर्दपणा उतरला. माय, भाकरी, मास्तरकीचा अर्ज, सगळं एकदम आठवलं आणि मी हमसून हमसून रडलो. शिक्षा झालेल्याला कोण मास्तर करतंय? शेजारचा म्हातारा कैदी म्हणाला, "रड बाबा. इथं समदेच रडतेत, पर तुह्यायेवढं मोठ्यानं न्हाई."

गावानं म्हटलं, निकाल लागला, संपलं. त्यानंच कबूल केलं, आता ब्रह्मदेव आला तरी काय करील? मायला मात्र हे पटलं नाही. ती परभणीच्या एका वकीलसाहेबांच्या शेतात कापूस वेचायला जायची. निजामाच्या अमलात हैदराबादेत उर्दूतून कायदा शिकलेला तो म्हातारा माणूस. एका वाक्यात तीन भाषा बोलायचा आणि चिडला की चौथी. माय त्यांच्या दारात जाऊन बसली ती त्यांना घेऊनच तुरुंगाच्या जाळीपुढं आली.

वकीलसाहेबांनी मला आपादमस्तक बघितलं. "तर हे मर्द."

मी ओठावर हात धरला.

"अरे नालायका, जुन्या कायद्यात शिक्षा देताना आरोपीला कुणी विचारत नव्हतं. गुन्हा शाबित की शिक्षा, खलास. आता नवा फौजदारी कायदा आलाय. त्यानं सांगितलं, शिक्षा सुनावण्याआधी त्या माणसालाही बोलू द्या, त्याची काय मजबूरी असेल ती ऐका. एवढ्या मोठ्या लोकांनी दिल्लीत बसून तुला तोंड दिलं, आणि त्या तोंडातून तू हे बोललास?"

मी म्हणालो, "मला ठावं नव्हतं."

"तुला काय ठावं असतं?" मग ते जरा शांत झाले आणि नीट सांगू लागले. गुन्हा कबूल केला म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत. गुन्ह्यावर नाही, पण शिक्षेवर वरच्या कोर्टात दाद मागता येते. आणि एकवीसच्या आतलं पोरगं असेल तर त्याला सहसा तुरुंगात घालायचंच नाही, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचं, असा कायदा आहे. घालायचंच असलं तर का घातलं याची कारणं लिहावी लागतात. तसा सुटला तर नोकरीलाही डाग लागत नाही. "सवाल एकच आहे. शिक्षा झाली त्या दिवशी तुझं वय काय होतं?"

मी छाती पुढं काढली. इतकं झालं तरी काढली. "बावीस."

माय म्हणाली, "ह्याला बावीस कुठलं आलं? एकइसावं चालू हाय."

"माय, तुला काय कळतं? दाखल्यावर लिवलंय."

"लिव्हणाराला काय कळतं? जलम म्या दिला."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. "मियाँ, तू जन्मलास त्या वक्ताला हजर कोण होतं? तू का ही?"

मी म्हणालो, "दोघंबी होतो."

त्यांनी जाळीतूनच मला मारायला हात उगारला. त्यांचा हात आखूड होता म्हणून वाचलो. मग त्यांनी मायला विचारलं, "बाई, तुम्हाला पक्कं कशावरून माहीत?" माय माझ्याकडं बघत म्हणाली, "हाय मला ठावं." मी म्हणालो, "पर कशावरून?" ती म्हणाली, "हाय म्हणलं ना!" आणि वकीलसाहेबांना बाजूला घेऊन काहीतरी बोलली. ते बराच वेळ ऐकत राहिले. परत आले तेव्हा आवाज उतरला होता. मला वाटलं, माझं काही खरं नाही.

अपील दाखल झालं, जामीन मिळाला, मी घरी आलो. वकीलसाहेबांचा पहिला हुकूम, "मिशी काढ."

"मिशीचं कायद्यात काही हाय का?"

"कायद्यात नाही. जज्जाच्या डोळ्यात आहे."

काढली. न्हाव्यानं एका फटक्यात काढली आणि म्हणाला, "एवढ्यासाठी वस्तरा कशाला पाजळला म्या?" वस्तीत आलो तर धाकटा भाऊ मला ओळखेना, निदान त्यानं तसं सोंग तरी केलं. आयुष्यभर मोठं दिसायची धडपड केली, आणि आता लहान ठरायला वरच्या कोर्टात चाललो होतो. लहान ठरलो तर घर आणि शाळा, मोठा ठरलो तर तुरुंग.

माझा दाखला ज्यांनी लिहिला ते आमचे जुने गुरुजी. आता थकले होते, पण धोतर, टोपी, छडीसारखी ताठ मान तशीच. साक्षीला यायला ते नाखूश नव्हते, उलट चिडलेले होते. त्यांनी लिहिलेल्या तारखेवर कुणी शंका घ्यावी?

जज्जसाहेब कोकणाकडचे असावेत, बोलणं तसं मऊ. त्यांनी विचारलं, "गुरुजी, ही एक जून तारीख आपण कशावरून लिहिलीत?"

"सगळ्यांची तीच लिहितो."

"सगळ्यांची?"

"शाळंत घातलेल्या समद्यांची. माय-बापाला तारीख सांगता येत न्हाई."

"म्हणजे आपल्या गावात बाकीचे अकरा महिने मुलं जन्मत नाहीत?"

"जन्मतेत साहेब," गुरुजी ठामपणे म्हणाले, "पर शाळा जूनमधी उघडते."

कोर्टात खसखस पिकली. गुरुजींना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. "आणि वर्ष?" जज्जसाहेबांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, वर्षाचं माप शास्त्रशुद्ध आहे. पोराला पुढं उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून घालून डावा कान धरायला लावायचा. कान हातात आला, सहा पूर्ण. नाही आला, पुढच्या साली. "ह्या मापात माझी आजवर चूक झाली न्हाई," असं म्हणून त्यांनी स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन कान धरूनही दाखवला. आमच्या भागात हे माप सगळ्यांना माहीत. तिथले कारकून, पट्टेवाले, पक्षकार, सगळे त्याच मापानं शाळेत गेलेले. मी बघितलं, मागच्या बाकावर दोघं-तिघं नकळत डोक्यावरून हात नेऊन आपापले कान चाचपत होते.

वकीलसाहेब उठले. "हुजूर, इजाजत असेल तर मुलजिमाला कान धरायला सांगावं."

मी डोक्यावरून हात घातला. कान मागं राहिला, गाल मागं राहिला, बोटं थेट हनुवटीवर आली. कोर्ट हसलं. सरकारी वकील उठून म्हणाले, आज तो वाढलेला आहे, यावरून तेव्हाचं काय सिद्ध होतं? बरोबरच होतं त्यांचं. मी मात्र हनुवटी धरून तसाच उभा, कारण हात खाली घे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"अभ्यासात कसा होता?" जज्जसाहेबांनी गुरुजींना विचारलं.

"डोक्यानं कमी. पहिलीत दोनदा बसवला. पाटी धरता येत नव्हती, दुपारी झोपायचा, चड्डीत मुतायचा."

एवढ्या माणसांत! मी हनुवटीवरचा हात तोंडावर घेतला. सहा वर्षांचा घोडा होऊन आपण चड्डीत मुतत होतो, हे मला घरीदारी इतक्या वेळा ऐकवलं होतं की आपण जन्मतःच मंद आहोत हे मी केव्हाच मान्य केलं होतं. खरं सांगायचं तर मिशी, छाती, मर्दपणा, हा सगळा पसारा त्या मंदपणावर घातलेलं पांघरूणच होतं.

मग मायला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "बाई, तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही. मुलगा कोणत्या साली झाला, हे कशावरून सांगता?"

माय कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "साहेब, छप्पनच्या दसऱ्याला आमची समदी वस्ती नागपूरला गेली, दीक्षेला. म्हातारे गेले, बाया लेकरं काखेला मारून गेल्या. ह्याचा बाप गेला. म्याबी पांढरं लुगडं घिऊन ठिवलं होतं. पर ह्यो पोटात, दिवस भरत आलेले. सुईण म्हणली, गाडीतच बाळंत होशील, जाऊ नको. म्या ऱ्हायले. वस्तीत म्या, एक आंधळी म्हातारी, अन् कुत्रे. समदे परत आले, नवे होऊन आले, अन् दिवाळी झाल्यावर ह्यो झाला. त्या लुगड्याचे ह्याला दुपटे केले. ते साल म्या कसं इसरंन?"

सरकारी वकील म्हणाले, "दुसऱ्या एखाद्या मुलाच्या वेळची आठवण असेल. मुलं किती तुम्हाला?"

"चार. पर नागपूर माहं एकदाच ऱ्हायलं."

"नंतर कधी गेलात?"

"न्हाई. कधी पोट, कधी पोरं, कधी पैसा. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मी पिंजऱ्यात उभा होतो. बाप जिवंत असेपर्यंत दर दसऱ्याला नागपूरची गोष्ट सांगायचा, मैदान किती मोठं, माणूस किती, आणि माय चुलीपाशी बसून ऐकायची. मला वाटायचं, तिला त्यात गोडी नाही. 'तुझ्यामुळं माझं राहिलं' असं ती मला एकदाही म्हणाली नव्हती. चिडून नाही, थट्टेनं नाही. आज म्हणाली, तेही मला सोडवायला. त्या क्षणी मला सहा महिनेच काय, सहा वर्षं दिली असती तरी मी तोंड उघडलं नसतं.

निकाल माझ्या बाजूनं झाला. शिक्षेच्या दिवशी आरोपीला एकवीस पूर्ण नव्हतं असं कोर्ट मानतं, तुरुंगाची शिक्षा रद्द, चांगल्या वागणुकीची एक वर्षाची हमी, जामीन आईचा, प्रोबेशनच्या साहेबांची देखरेख, त्यांच्या परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. जज्जसाहेब उठता उठता गुरुजींना म्हणाले, "साडेचार वर्षांचं लेकरू होतं ते गुरुजी. झोपणारच."

कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली गुरुजी माझ्याजवळ आले. बराच वेळ काठी जमिनीवर आपटत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तू ढ नव्हतास म्हण की."

"न्हाई गुरुजी," मी म्हणालो. मला रडू येत होतं.

"मग मॅट्रिकला दोनदा कसा रे नापास झालास?"

याचं उत्तर पुढं मी मास्तर झालो, तेव्हाही शोधलं. कोर्टानं मला विशीचा ठरवला, पण दाखला काही कुणी बदलला नाही. नोकरीच्या कागदावर मी एक जूनचाच राहिलो आणि खऱ्या वयाच्या आधीच हारतुरे घालून मला घरी पाठवलं. मी कुठं तक्रार केली नाही. वयावरून पुन्हा कोर्टात जायची माझी छाती नव्हती.

निकाल लागला त्याच साली दसरा जवळ आला तसा मी प्रोबेशनच्या साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "नागपूरला जायचंय. मायला घिऊन."

ते म्हणाले, "परत येशील ना?"

"साहेब, मी चोरलेला रेडिओ खोलीबाहेर नेला न्हाई. मी कुठं पळून जातो?"

ते हसले आणि सही केली.

परभणीहून पूर्णा, पूर्णेला गाडी बदलून अकोला, तिथून नागपूर. मायनं नवं पांढरं लुगडं घेतलं होतं, ते गाडीत नेसली नाही, मांडीवर गाठोड्यात धरून बसली. मी शहाणपणा करत होतो, हे स्टेशन कुठलं, ते कुठलं. निम्मी चुकीची सांगितली असतील. नागपूरला एका नळावर तिनं तोंड धुतलं, दोन बायकांनी आडोसा धरला, आणि ती लुगडं नेसून आली. मैदानाच्या तोंडाशी आलो तर नजर पोचेल तिथवर माणूस. माय बुटकी, तिला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसेना.

मी म्हणालो, "चल, मी वाट काढतो."

ती म्हणाली, "नगं. म्या एकटी जाते. तू हितंच थांब. चुकामूक व्हायची, हात वर करून ठिव, म्हंजी मला लांबून दिसशील."

मी हात वर केला. ती गर्दीत शिरली, पांढऱ्यात पांढरी मिसळली आणि दिसेनाशी झाली. मी तसाच उभा. येणारे-जाणारे बघायचे, पोरं हसायची. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की आसपासचे लोक एकमेकांना सांगतायत, "हरवलात तर त्या हाताखाली या." तीन-चार कुटुंबं माझ्या हाताखाली जमली, जेवली आणि निघूनही गेली. एका म्हातारीनं मला भाकरी दिली, ती मी डाव्या हातानं खाल्ली. रेडिओ धरला होता तशीच रग लागली, खांदा जळायला लागला. या वेळी हात खाली आणला नाही.

ऊन कलल्यावर गर्दीतून माय आली. डोळे सुजलेले, लुगड्याला धूळ, आणि चेहरा असा की मी तो आधी कधी बघितला नव्हता. माझ्यापुढं येऊन उभी राहिली, वर बघितलं.

"कवाधरनं वर केलायस?"

"तू गेल्यापासून."

तिनं माझ्या कोपराला हात लावला. म्हणाली, "घे खाली. आले मी."